बारा अंगठ्यांचे हेडमास्तर

"एक जून! एक जून लिहा म्हणतो मी! अख्खा तालुका एक जूनला जन्मतो, मग तुमच्याच शाळेला काय धाड भरली?"

शाळा तपासायला आलेले दिपोटीसाहेब इतक्या जोरात ओरडत होते की कौलांवरची कबुतरं उडाली ती थेट श्रीगोंद्याला जाऊन बसली. त्यांतली निम्मी अजून परतलेली नाहीत. मी वळकटी पायाशी टाकून शाळेच्या दारात उभा होतो. नोकरीचा पहिला दिवस. तिकडे लढाई पेटलेली, नगरच्या किल्ल्यात पुढारी कोंडलेले. पण एवढी आरडाओरड मी ना मोर्चात ऐकली होती, ना बाजारात.

टेबलापलीकडे आमचे हेडमास्तर बसले होते. दिपोटी नावाचा प्राणी खोलीत आहे याची त्यांना खबरच नव्हती. समोर जमिनीवर एक बाई, तिला चिकटून शाळेत घालायला आणलेलं पोर. हेडमास्तर पुढं वाकून बाईला विचारत होते, "आठवा, बाई. कळ आली तेव्हा रानात काय होतं?"

"हुरडा भाजत हुते की वो. आगटी पेटवली अन् कळ आली."

"थंडी?"

"लई. दात वाजत हुते."

"संक्रांत झाली होती?"

"न्हाई. चार दिसांवर हुती. वाण द्यायचं ऱ्हाऊनच गेलं माझं."

"दहा जानेवारी!" हेडमास्तरांनी टेबलावर असा हात मारला की दौत उडून दिपोटींच्या धोतरावर पडली. "तामडी! बाई, तुमचं पोरगं तामडीचं!"

"तामडी कोण?" दिपोटी धोतर झटकत किंचाळले.

"लाल खडा, साहेब. जानेवारीचा. तुमच्या एक जूनला मोती येतो. सगळा तालुका मोत्याचा केलात, तर एवढे मोती आणायचे कुठून? समुद्र इथून दीडशे मैल."

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "नवे मास्तर का? महिना कोणता?"

"पगाराचा?"

"जन्माचा हो!"

"एक जून," मी म्हणालो. त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी कुणाच्या मरणाचीच बातमी आणली होती.

त्याच दिवशी त्यांनी माझ्या आईला कार्ड टाकलं. आठवड्यात उत्तर आलं: 'हा झाला त्या दिवशी शिमग्याच्या बोंबा चालल्या होत्या, त्यात याचं रडणं कुणाला ऐकूच आलं नाही.' हेडमास्तरांनी मला मार्च महिना दिला, आणि मार्चचा म्हणून हिरव्यावर रक्ताचे ठिपके असलेला एक खडा दाखवला. माझी बोंब मारायची सवय जन्मजात आहे, हे तेव्हापासून कागदोपत्री सिद्ध आहे. तेव्हा मी जे सांगतो त्यात शेरास पावशेर माझं असतं, हे वाचणाऱ्यानं धरूनच चालावं.

हेडमास्तर सहा फूट उंच, अंगात बारमाही काळा कोट, आणि आवाज असा की त्यांनी प्रार्थनेत "आमेन" म्हटलं की कर्जतच्या बाजारात बैल उठून उभे राहत. नगरच्या मिशनमध्ये वाढलेले, धर्मानं ख्रिस्ती, बोलण्यानं पक्के देशावरचे. आणि उजव्या हाताच्या अनामिकेत अंगठी. एक नव्हे, बारा. म्हणजे एका वेळी एकच, पण दर महिन्याला निराळी. काड्यापेटीची बारा खोकी चिकटवून त्यांनी एक डबा केला होता. प्रत्येक खोक्यात चांदीची एक अंगठी, प्रत्येकीत एक खडा. एकच खोकं रिकामं, त्याचं पुढं येईल. महिन्याच्या एक तारखेला प्रार्थना झाली की सगळ्या शाळेसमोर जुनी अंगठी काढायची, नवी घालायची. आणि मग शांत उभं राहायचं. पोरं श्वास धरायची. पहिल्यांदा मला वाटलं, आता जमीन फाटणार. हेडमास्तरांनी घटकाभर कान दिल्यासारखं केलं, मान हलवली आणि म्हणाले, "चला, पाढे."

खडे त्यांनी कुठून कुठून जमवले ते ऐकून माझा जबडा खाली आला, तो आठ दिवस वर गेला नाही. जानेवारीची तामडी नगरच्या सराफ्यातून. फेब्रुवारीचा जांभळा जमुनिया एका विहिरीच्या सुरुंगात निघालेला. आपल्याकडच्या काळ्या खडकाच्या पोटात असे खडे पोकळीत दडून बसलेले असतात. लोक ते गोठ्याच्या भिंतीत लावतात. एप्रिलला खरं म्हणजे हिरा पाहिजे. तिथं त्यांनी स्फटिक बसवला होता. "एप्रिलात जन्मलेल्या गरिबानं काय करायचं?" ते विचारत. "देवाला स्फटिक चालतो." मेचा पाचू तिळाएवढा, तो बघायला भिंग लागे, आणि भिंग शाळेत एकच होतं, त्यात मुंग्यांचे पाय बघायचा तास चालू असे. ऑक्टोबरचा दुधी खडा. त्याच्या आत आग दिसते म्हणायचे. मी डोळे फुटेस्तोवर पाहिलं, मला दूधच दिसलं. डिसेंबरचा निळा फिरोजा एका इराणी बाईनं चाकूसुऱ्या विकता विकता दिलेला.

याचं शास्त्रही त्यांच्यापाशी तयार होतं. फार प्राचीन काळी बायबलातल्या एका महायाजकाच्या, म्हणजे मोठ्या पुजाऱ्याच्या, छातीवरच्या पट्ट्यात बारा रत्नं होती, बारा वंशांची बारा. पुढं लोकांनी बारा महिन्यांना बारा वाटून घेतली. श्रीमंत माणूस बाराही बाळगी आणि महिन्यागणिक बदलून घाली. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की आपल्या जन्माच्या महिन्याचा एकच खडा आयुष्यभर घातला तरी भागतं. शेवटी अमेरिकेतल्या सराफांनी एकत्र बसून यादी पक्की केली, आणि ती यादी रंगीत कार्डावर छापून एका मडमेबरोबर नगरला आली. "म्हणजे देवाचं अर्धं राहिलेलं काम सराफांनी पुरं केलं," मी म्हणालो. हेडमास्तर माझ्याकडे असे बघत राहिले की मी पुढचे दोन दिवस भूगोल शिकवला. मी गणिताचा मास्तर.

गावच्या जोश्यांशी त्यांचं या बाबतीत हाडवैर. जोशी पारावरून ओरडत, "ग्रह नऊ, रत्नं नऊ! तुमची तीन जास्तीची कुणाच्या घरची?"

हेडमास्तर रस्त्यावरून उलट ओरडत, "आणि तुम्ही वर्षातले तीन महिने उपाशी ठेवता, त्यांचं काय?"

पण परीक्षा मात्र त्यांनी जोश्यांकडूनच उचलली होती. आपल्याकडे नीलम कुणी एकदम घालत नाही. आधी तीन दिवस दंडाला बांधून बघतात. म्हैस आटली, भांडण झालं, घर जळलं, तर खडा परत. काही भलं झालं तर ठेवला. हेडमास्तरांनी हीच परीक्षा बाराही खड्यांना लावली, तीन दिवसांऐवजी महिना महिना. जो खडा आपला असेल तो बोलेल, हे त्यांचं म्हणणं. त्याची एक वही होती. आक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं (त्यांना सगळं गाव आक्का म्हणे), ती मला चोरून दाखवली.

'फेब्रुवारी, जमुनिया. घरात साप निघाला. पण तो शेजाऱ्यांकडे चालला होता. नामंजूर.'

'मे, पाचू. दाढदुखी थांबली. दाढ आक्कांची. नामंजूर.'

'ऑक्टोबर. म्हैस व्याली. ती व्यायचीच होती. नामंजूर.'

अशी वीस वर्षांची पानं. मी हसून हसून खांबाला धरलं. आक्का हसल्या नाहीत. चुलीतली राख घेऊन त्या अंगठ्या घासत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला तुमचा महिना एका कार्डात मिळाला. ह्यांना कोण कार्ड पाठवणार?"

तेव्हा मला कळलं. हेडमास्तर मोठ्या दुष्काळातले. कुणीतरी पहाटे नगरच्या मिशनच्या, अनाथ पोरं सांभाळायच्या बंगल्याच्या फाटकाशी आणून ठेवलेलं पोर. बंगल्याच्या पुस्तकात इतरांच्या नावापुढं निदान काहीतरी होतं. यांच्या जन्माच्या रकान्यात एक आडवी रेघ. "त्या रेघेवर माझा वाढदिवस असतो," असं ते स्वतःच एकदा ओढ्याकाठी चालताना म्हणाले. मी काहीतरी फाजील बोलणार होतो. पण ते पुढं म्हणाले, "खडा कळला की महिना कळेल, मास्तर. महिना कळला की त्या महिन्यात कुठंतरी एक बाई कण्हत होती, एवढं तरी पक्कं होईल. नुसता फाटकाशी उगवलो नाही, एवढं."

म्हणून दिपोटींच्या एक जूनची त्यांना एवढी चीड. एक जून म्हणजे छापील आडवी रेघच की.

आता घोळ असा होता की बारापैकी अकराच खडे जमले होते. जुलैचं माणिक नव्हतं. खरं माणिक ब्रह्मदेशातून येणार, आणि ब्रह्मदेश जपान्यांनी घेतलेला. जगात लढाईनं कुणाचं काय अडलं ते इतिहासात येईल. आमच्या हेडमास्तरांचा जुलै महिना अडला. अकरा खडे वीस वर्षं गप्प बसले, म्हणजे उरला तो जुलैच, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं. दर जुलैला ते उघड्या बोटानं हिंडत आणि माणसाला नवरीची वाट बघताना येते तसली कळा त्यांच्या तोंडावर येई.

लढाई संपली. एके दिवशी खाकी कपड्यातला एक गडी शाळेत आला आणि त्यानं हेडमास्तरांना असा सलाम ठोकला की पहिलीची पोरं रडायला लागली. आमच्याच शाळेतून फौजेत गेलेला. "सर, वळखलं का? तुमी माझ्या आईला दोन तास बसवून सप्टेंबर काढला हुता."

"नीलम!" हेडमास्तर ओरडले. माणसाचं नाव त्यांच्या ध्यानात राहत नसे, खडा राही.

"आमच्या अख्ख्या कंपनीत माझ्या एकट्याची तारीख एक जून नव्हती, सर. गोरा साहेब म्हनला, ह्यो एकटाच जन्माला आल्याला दिसतोय, बाकीचे समदे छापल्याले हायत." असं म्हणून त्यानं खिशातून कापसाची गोळी काढली. आत मसुरीच्या डाळीएवढं माणिक. ब्रह्मदेशातल्या एका म्हातारीनं दुधाच्या डब्याच्या बदल्यात दिलेलं.

हेडमास्तरांनी ते तळहातावर घेतलं. मूठ मिटली, ती शाळा सुटेपर्यंत उघडली नाही.

त्या जुलैच्या एक तारखेला गावातली निम्मी माणसं शाळेत. जोशीसुद्धा भिंतीआडून. हेडमास्तरांनी माणकाची अंगठी घातली. शांतता अशी की फळ्यावरचा खडू घरंगळला तो सगळ्यांना ऐकू आला. काही झालं नाही. दुसरा दिवस, तिसरा दिवस. दहावा. एकतीस दिवस त्या महिन्यात असं काही म्हणजे काहीच झालं नाही. साप नाही, म्हैस नाही, दाढ नाही. माशीसुद्धा दुधात पडली नाही. असा कोरडा महिना त्या गावात पुन्हा झाला नसेल. एकतीस तारखेला शाळा सुटल्यावर ते रिकाम्या वर्गात बाकावर बसले होते, पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीशी आलेले. मला म्हणाले, "बाराही संपले, मास्तर. मी कुठल्याच महिन्यातला नाही."

मी जन्मभर बाता मारल्या, पण त्या वेळी कोरा फळा पुसत राहिलो.

ऑगस्टात तोच फौजी पुन्हा आला. सासरवाडीला, पाथर्डीकडे, जाऊन आला होता. म्हणाला, "सर, तिकडं शेजारी एक म्हातारी हाय. नगरच्या बंगल्यात आया हुती. तुमचं नाव निघालं तर म्हनली, त्याला तर म्या न्हाऊ घातलंय."

हेडमास्तर ती आया मेली असं धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी दिली. कारण लिहिलं, 'हेडमास्तरांचा जन्म.' मला बरोबर घेतलं. सर्व्हिस मोटरीत आम्ही मागच्या बाकावर, पुढं कोंबड्या. सबंध वाट ते बोलत होते. ती बाई पिकाची खूण सांगेल की सणाची, पावसाची सांगेल की थंडीची, कुठल्या उत्तराला कुठला महिना, सगळं घोकत होते. डबा मांडीवर. "आज बारांतून एक निवडायचा, मास्तर. बाकीचे अकरा शाळेला."

पाथर्डीपासून पुढं तीन कोस चाललो. आजूबाजूला रान कसलं, नुसता माळ. ऑगस्टातसुद्धा गवताला विचारून उगवावं लागतं असा मुलूख. म्हातारी पडवीत बाजेवर पडली होती. डोळ्यांनी गेलेली.

इथून पुढं माझी भर नाही. एक शब्दाची नाही.

हेडमास्तरांनी बंगल्यातलं आपलं लहानपणचं नाव सांगितलं. म्हातारीनं हात पुढं केला, त्यांच्या तोंडावरून, कानांवरून फिरवला. "आलास व्हय. बरं केलंस. मी काय आता लई दिस न्हाई."

"आयाबाई, मला एकच विचारायचंय..."

"थांब. आदी माझं ऐक. तुला टाकलेला न्हवता."

हेडमास्तर बाजेच्या कडेला बसले.

"तुझी आय जिती हुती. बंगल्यात आईवालं पोर घेत न्हवते. आई मेलेलीच पायजे, असा त्यांचा कायदा. तिनं तुला फाटकाशी ठिवला अन् दुसऱ्या दिशी सोता दळनाच्या कामावर आली. मला एकटीला ठावं. कोठीत तुला अंगावर पाजायची अन् म्या दाराशी हुभी ऱ्हायची."

"कोण?"

"दळनवाली."

हेडमास्तरांचा हात स्वतःच्या कानाच्या पाळीकडे गेला. मग म्हणाले, "कानात लिंबाच्या काड्या घालायची, ती?"

"तीच. कानातलं इकून खाल्लं हुतं दुष्काळात. भोकं बुजू नये म्हून काड्या. सात वरसं तुझ्या भाकरीचं पीठ तिनंच दळलं. जाता येता तुझ्या हातावर गुळाचा खडा ठिवायची. आठवतं?"

"तो गूळ कोठीतला होता," हेडमास्तर म्हणाले. हा आवाज मी त्यांचा म्हणून ओळखला नसता.

"व्हय. अन् तू जाऊन मडमेला सांगितलंस, दळनवाली चोरी करती."

मी भिंतीला पाठ लावली.

"मडमेनं तुला समद्या पोरांम्होरं हुभा केला," म्हातारी सांगत होती. "टाळ्या वाजवल्या. तिला त्याच दिशी काढली. म्या म्हनलं, आता तरी सांग बाई, पोर माझं हाय म्हून. म्हनली, सांगितलं तर त्यालाबी काढतील."

"जाताना काय म्हणाली?"

"म्हनली, पोरगं खरं बोलाया शिकलं. आता काळजी न्हाई."

"पुढं?"

"सडकंच्या खडीवर गेली. म्होरल्या उन्हाळ्यात पटकीत गेली. मला तिनं आन घातली हुती, पोराला कळू देऊ नगंस. आता किती दिस धरून ठिवू?"

हेडमास्तरांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, कुणी त्यावर काही ठेवावं तसा. त्यांनी म्हातारीला विचारलं, तिचं नाव काय होतं? म्हातारीनं खूप आठवून पाहिलं. मग म्हणाली, "समदे दळनवालीच म्हनायचे रे."

थोड्या वेळानं ते उठले. म्हातारीच्या पायांवरची वाकळ सरकली होती ती नीट केली. बाजेजवळ पाण्याचं भांडं होतं ते तिच्या हाताला लागेल असं ठेवलं. आणि चालायला लागले. डबा तिथंच राहत होता. मी उचलून काखेत मारला.

तीन कोस चालणं, मग मोटर, मग नगरला मुक्काम, मग पुन्हा मोटर. एवढ्या वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही नाही. मी! माझं तोंड एवढा वेळ बंद राहिलं हे सांगितलं तर माझी बायको आजही ही माझी सगळ्यांत मोठी थाप समजते.

गावात शिरलो तेव्हा आक्का दारातच उभ्या होत्या. कालपासून उभ्या असाव्यात. वीस वर्षं राखेनं अंगठ्या घासून त्यांची बोटं पांढरी पडली होती. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्या काखेतल्या डब्याकडे, आणि हात पुसत पुढं आल्या.

"काय हो? कळला का महिना?"

"विचारायचं राहिलं," हेडमास्तर म्हणाले.